पाकु पाकु, बकाबका आणि चार भुतं: पॅक-मॅनचं नाव आलं कुठून?

माझा भाचा सहा वर्षांचा आहे. घरी आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मामा, तो बकाबकावाला गेम लाव ना." बकाबकावाला म्हणजे पॅक-मॅन. काळ्या पडद्यावर निळ्या भिंतींचा चक्रव्यूह, त्यात पिवळं गोल तोंड वाटेतले ठिपके खात सुटलेलं आणि मागे चार भुतं. खेळाचं नाव त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने जे दिसलं त्यावरून आपलं नाव ठेवलं. गंमत अशी, की ४० वर्षांहून आधी तोक्योमध्ये या खेळाचं नाव ठेवणाऱ्यांनीही हेच केलं होतं.

जपानी भाषेत 'पाकु पाकु' असा एक शब्द आहे. तोंड उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं, पुन्हा मिटतं, त्या हालचालीचा हा शब्द. कोणी भराभर जेवत असेल तर तो पाकु पाकु खातो. तळ्यातले रंगीत मासे काठाशी येऊन पाण्याबाहेर तोंड काढतात आणि खाणं मागितल्यासारखी उघडझाप करतात, तेही पाकु पाकु. गायक नुसतेच ओठ हलवत असेल आणि गाणं मागून वाजत असेल, तर त्याला जपानीत 'कुची-पाकु' म्हणतात. कुची म्हणजे तोंड.

हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. बकाबका, मचमच, गटागटा, कुरुमकुरुम, तुरुतुरु, लुकलुक असे शब्द आपण दिवसभर वापरतो. शाळेच्या व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द असं भारदस्त नाव असतं. जपानीतही अशा शब्दांची मोठी फौज आहे आणि तिचे ढोबळ दोन भाग करतात. एक, खरोखरच्या आवाजाची नक्कल करणारे. दोन, आवाज नसतानाही हालचाल, स्थिती किंवा भाव दाखवणारे. आपल्या 'खळखळ'ला आवाज आहे, 'लुकलुक'ला आवाज नाही, पण दोन्ही ऐकले की चित्र उभं राहतं. पाकु पाकु दुसऱ्या जातीचा. मासा काही आवाज करत नाही.

आता एक प्रयोग करा. आरशासमोर उभं राहून 'पाकु पाकु' सावकाश म्हणा. 'प'ला ओठ मिटतात, 'आ'ला जबडा उघडतो, 'क'ला जिभेची मागची बाजू टाळूला टेकून वाट बंद होते. मिटलं, उघडलं, मिटलं. शब्द ज्या हालचालीबद्दल बोलतो तीच हालचाल आपल्याकडून करून घेतो. मग 'बकाबका' म्हणून पाहा. 'ब'सुद्धा 'प'सारखाच ओष्ठ्य, आणि 'क' तर तोच. जपानी आणि मराठीचं काही नातं नाही, एकीने दुसरीकडून शब्द उसना घेतलेला नाही. तोंड मात्र सगळ्या माणसांचं सारखंच. म्हणून भाच्याचा बकाबकावाला मला भाषांतर म्हणून अव्वल वाटतो.

खेळ बनवला नामको या कंपनीने. आराखडा तोरू इवातानी यांचा. खेळ १९८० साली लोकांसमोर आला तेव्हा ते पंचविशीत होते. त्याआधी दोन वर्षं, १९७८ पासून, स्पेस इन्व्हेडर्सने जपानला वेड लावलं होतं आणि त्या धर्तीचे गोळीबाराचे खेळ गेमच्या दुकानांमध्ये गर्दी करून होते. तिथे पुरुषच जास्त दिसायचे. मुली आणि जोडपीही तिथे यावीत असा खेळ इवातानींना करायचा होता. त्यांनी सुरुवात एका क्रियापदापासून केली. 'ताबेरु', म्हणजे खाणं. आधी नायक, मग त्याचं काम, असा नेहमीचा क्रम असतो. इथे काम आधी ठरलं आणि नायक त्यातून निघाला, म्हणूनच त्याला हात नाहीत, पाय नाहीत, त्या पहिल्या खेळाच्या पडद्यावर डोळेही नाहीत. फक्त तोंड आहे.

आकाराबद्दलची पिझ्झ्याची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. इवातानींनी पिझ्झ्याचा एक तुकडा उचलला आणि उरलेल्या पिझ्झ्यात त्यांना पॅक-मॅन दिसला. १९८६ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्यांनी ही गोष्ट अर्धी खरी असल्याचं सांगितलं. उरलेला अर्धा भाग अक्षराचा आहे. जपानीत तोंडासाठी जे चित्राक्षर लिहितात, ते साधा चौकोन असतं. इवातानींनी त्या चौकोनाचे कोपरे घासून गोल केले. म्हणजे नावातही तोंड आणि रूपातही तोंड. हा अक्षराचा धागा मला पिझ्झ्यापेक्षा मोलाचा वाटतो, पण जगभर फिरली ती पिझ्झ्याचीच गोष्ट, कारण पिझ्झा सगळ्यांना कळतो.

तर पाकु पाकु करणारा तो 'पाक्कुमान'. पाकुमधला 'क' ठसठशीत करून जोडाक्षर केलं आणि इंग्रजीतला 'मॅन' लावला. टीव्हीवरचा नायक अल्ट्रामॅन १९६६ पासून जपानी मुलांच्या ओळखीचा होता, त्यामुळे शेवटी मॅन असलेलं नाव कानाला परकं नव्हतं. 'खाणारा' या साध्या अर्थाला त्या एका शेपटीने व्यक्तीचं रूप आलं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गुंता झाला तो नाव रोमन लिपीत लिहिताना. जपानमधल्या पहिल्या यंत्रांवर मोठ्या अक्षरांत 'पक मॅन' असं इंग्रजी स्पेलिंग होतं, पी-यू-सी-के. अमेरिकेत हा खेळ मिडवे कंपनीने आणला तेव्हा ते बदलून पी-ए-सी झालं. कारण व्यवहारातलं होतं. ही यंत्रं सार्वजनिक जागी उभी राहणार. पी या अक्षराच्या पोटाची उजवीकडची गोलाई कोणी थोडी खरवडली, की त्याचा एफ होतो आणि यंत्राच्या माथ्यावर इंग्रजीतली सगळ्यात सर्रास शिवी झळकते. चावीच्या टोकाने अर्ध्या मिनिटात होणारं काम. ते टाळण्यासाठी एक स्वर बदलला. जगाला आज ठाऊक असलेलं नाव एका संभाव्य खोडीच्या भीतीतून आलेलं आहे.

पण या बदलातली खरी गोम वेगळीच आहे. अमेरिकेत नाव बदललं, जपानमध्ये उच्चार तसूभरही बदलला नाही.

असं का, ते समजून घ्यायला आपल्याला बरं पडतं, कारण हा प्रश्न मराठीने स्वतः सोडवलेला आहे. इंग्रजीत 'बस'मधला स्वर वेगळा, 'बॅट'मधला वेगळा. जपानीत मूळ स्वर पाचच: आ, इ, उ, ए, ओ. त्यामुळे इंग्रजी बस तिथे 'बासु' होते आणि बॅट होते 'बात्तो'. दोन्ही स्वर एकाच 'आ'मध्ये विरघळतात. तसंच 'पक' आणि 'पॅक' हे दोन्ही जपानीत गेले की 'पाक्कु'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू असो नाहीतर ए, जपानी लिपीत लिहिलेलं नाव तेच राहतं. पुढे जपाननेही पी-ए-सी हेच स्पेलिंग घेतलं तेव्हा तिथल्या मुलांना वेगळं काही म्हणावं लागलं नाही.

मराठीत हे झाकलं जात नाही. इंग्रजी शब्द लिहायची वेळ आली तेव्हा आपण अक्षराच्या डोक्यावर एक चंद्र चढवला आणि बॅट, बॅग, पॅक असे शब्द नीट लिहायची सोय करून घेतली. त्या चंद्राच्या जोरावर मराठी वाचक पक-मॅन आणि पॅक-मॅन यांतला फरक पाहताक्षणी सांगू शकतो. गंमत अशी, की मूळ पाकु पाकुतला 'आ' मात्र आपल्याला हुबेहूब लिहिता येत नाही. तो आपल्या आसारखा उघडा असतो, पण लांबीला अ-एवढाच आखूड. आणि त्यातला 'उ' दोन कठोर व्यंजनांच्या मध्ये सापडल्यामुळे जपानी माणसाच्या बोलण्यात जवळजवळ गिळला जातो. कानाला ते 'पाक्-पाक्' असंच काहीसं येतं.

स्पेलिंग पक असल्यामुळे आणखी दोन व्युत्पत्त्या लोकांनी आपसूक जोडल्या. आइस हॉकीत बर्फावर सरकवतात त्या काळ्या रबरी चकतीला पक म्हणतात. चकती गोल, हाही गोल, म्हणून नाव तिच्यावरून पडलं असावं, हा तर्क ऐकायला इतका सोपा आहे की पटकन पटतो. दुसरा पक म्हणजे इंग्रजी लोककथांमधला खोडकर भूतविशेष. खेळात भुतं आहेतच, तेव्हा तोही धागा कोणी ना कोणी ओढतं. दोन्ही योगायोग आहेत. इवातानींनी स्वतः पाकु पाकुचं मूळ सांगितलेलं आहे, आणि त्या पिवळ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं तरी तेच मूळ खरं वाटतं. चकती तोंड उघडत नाही.

नावावरून अमेरिकेत आणखी एकदा काथ्याकूट झाला, तो १९८२ साली बाजारात आलेल्या जोडखेळाच्या वेळी. मॅसॅच्युसेट्समधल्या काही तरुणांनी पॅक-मॅनच्या यंत्रात फेरफार करून 'क्रेझी ऑटो' नावाचा खेळ तयार केला होता. तो मिडवेने घेतला, नायकाची नायिका झाली, डोक्यावर लाल फीत आली. नाव काय द्यायचं? आधी 'मिस पॅक-मॅन' ठरत होतं. पण खेळाच्या मधल्या छोट्या चित्रकथेत दोघं भेटतात, जवळ येतात आणि शेवटी करकोचा बाळ घेऊन येतो. मिस आणि बाळ? मग 'मिसेस'चा विचार झाला. शेवटी ठरलं ते 'मिझ', लग्न झालंय की नाही हे न सांगणारं संबोधन, जे अमेरिकेत सत्तरच्या दशकातल्या स्त्रीचळवळीने रुजवलं होतं. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर कु., सौ. की श्रीमती यावरून घराघरात जी चर्चा होते, तीच एका पिवळ्या गोळ्याबद्दल झाली. मला तो निर्णय फार आवडतो. नावाआधीचं एक अक्षरसुद्धा त्या लोकांनी विचार करून ठेवलं.

आता भुतांकडे येऊ. माझ्या मते या खेळातल्या नावांचा खरा खजिना तिथे आहे आणि भाषांतरात तोच सांडला.

इंग्रजी खेळ कोणी खेळत नसताना पडद्यावर एक यादी येते. प्रत्येक भुताचं स्वभावनाव आणि पुढे अवतरणचिन्हांत टोपणनाव. लाल: शॅडो, ब्लिंकी. गुलाबी: स्पीडी, पिंकी. निळसर: बॅशफुल, इंकी. नारिंगी: पोकी, क्लाइड. कानाला छान. ब्लिंकी, पिंकी, इंकी असं यमक जुळत जातं आणि क्लाइडपाशी मुद्दाम मोडतं.

जपानी यंत्रावर त्याच जागी होतं: ओइकाके, माचिबुसे, किमागुरे, ओतोबोके. यांचा अर्थ अनुक्रमे पाठलाग, दबा धरणं, लहरी आणि वेड पांघरणारा. टोपणनावं अकाबेई, पिंकी, आओसुके, गुझुता. 'अका' म्हणजे लाल, 'आओ' म्हणजे निळा, 'गुझु' म्हणजे रेंगाळणारा. आणि बेई, सुके, ता या पुरुषांच्या नावांच्या शेवटी येणाऱ्या जपानी शेपट्या. मराठीत आणायचं तर लाल्या, निळ्या, रेंगाळ्या. गल्लीतल्या पोरांनी ठेवावीत तशी नावं.

स्वभावनावं शोभेची नाहीत. ती प्रत्येक भुताचा नियम सांगतात. पडद्यावरचा चक्रव्यूह छोट्या छोट्या चौकोनी घरांमध्ये विभागलेला आहे. प्रत्येक भुताला दर क्षणी एक लक्ष्यघर दिलेलं असतं. चौकात आलं की सरळ रेषेत त्या घराच्या सगळ्यात जवळ नेणारी वाट ते धरतं. चौघांचा वेगही जवळपास सारखाच. फरक फक्त लक्ष्यघराचा.

लाल ओइकाकेचं लक्ष्य म्हणजे तुम्ही ज्या घरात आहात तेच घर. सरळ पाठलाग. इंग्रजीतलं शॅडो, म्हणजे सावली, हे इथे चपखल बसतं, ते मान्य करायला हवं.

गुलाबी माचिबुसेचं लक्ष्य तुमच्या तोंडापुढचं चौथं घर. ती तुमच्याकडे येतच नाही, तुम्ही जिथे पोचणार तिथे येते. यालाच मराठीत दबा धरणं म्हणतात. इंग्रजीत तिला स्पीडी केलं, आणि ती इतरांपेक्षा वेगवान मुळीच नाही. नाव वाचून खेळणारा 'ही जोरात पळते' एवढंच धरून बसतो आणि तिच्याच तोंडात जातो. उलट तिचं खरं नाव ठाऊक असेल तर तोडगा आपोआप सुचतो. ती अगदी जवळ आली की पळू नका, तिच्याच दिशेला तोंड वळवा. तुमच्यापुढचं चौथं घर आता तिच्या पाठीमागे गेलं, आणि पुढच्या चौकात ती बहुधा दुसरीकडे वळते. दबा धरणाऱ्याला समोरून भिडलं की त्याचा डाव फसतो. (तुमचं तोंड वर असेल तेव्हा मात्र तिचं गणित चुकतं. मूळ प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे ती चार घरं वर आणि शिवाय चार घरं डावीकडे धरते.)

निळसर किमागुरे लहरी का, ते बघा. तुमच्यापुढचं दुसरं घर घ्यायचं. लाल भुतापासून तिथपर्यंत एक रेघ ओढायची. ती तेवढीच आणखी पुढे वाढवायची. जिथे टोक येईल ते निळ्याचं लक्ष्य. म्हणजे तुम्ही जागचे हलला नाहीत, पण लाल भूत हललं, तरी निळ्याचं मन बदलतं. लाल लांब असेल तर निळा कुठेतरी भलतीकडेच जातो. लाल जवळ आला की निळाही दुसऱ्या बाजूने येतो आणि तुम्ही मध्ये सापडता. इंग्रजी नावात तो बॅशफुल, लाजाळू झाला. लाजण्याचा यात काही संबंध नाही.

आणि नारिंगी ओतोबोके. आठ घरांपेक्षा लांब असेल तोवर तो लाल भुतासारखाच थेट तुमच्यावर चालून येतो. आठ घरांच्या आत आला, की एकदम काही ठाऊकच नसल्यासारखं तोंड फिरवून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे निघतो. लांब गेला की पुन्हा आठवण येते, पुन्हा येतो, पुन्हा वळतो. ओतोबोके म्हणजे कळूनही न कळल्याचा आव आणणारा. आपल्याकडे यासाठी एक तयार वाक्प्रचार आहे, वेड पांघरून पेडगावला जाणं. इंग्रजीतलं पोकी म्हणजे रेंगाळणारा. ते गुझुता या टोपणनावाशी जुळतं, पण वेड पांघरण्याची सगळी मजा त्यात गेली.

इवातानींना हे चार स्वभाव मुद्दाम हवे होते. चारही शत्रू एका रांगेत मागे लागले तर खेळणारा कंटाळेल, आणि सतत हल्ला झाला तर तो दमेल, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणूनच मध्ये मध्ये भुतं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे जातात. पहिल्या पातळीवर सुरुवातीला ७ सेकंद कोपरा, मग २० सेकंद पाठलाग, असं ते चालतं.

एक छोटी गोष्ट राहिली. वाटेतल्या ठिपक्यांना जपानीत 'एसा' म्हणत, म्हणजे जनावरांना, माशांना घालतात ते खाद्य. चक्रव्यूहात साधे २४० आणि मोठे ४ असा चारा पसरलेला असतो. तळ्याकाठच्या त्या माशांचं पाकु पाकु आठवलं, तर 'एसा' हा शब्द कुठून आला असेल ते वेगळं सांगायला नको. इंग्रजीत तो नुसता डॉट, ठिपका झाला.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला हे सगळं सांगितलं. गणित त्याने सोडून दिलं, नावं मात्र उचलली. लाल्या, दबा धरणारी, लहरी निळ्या आणि वेड पांघरणारा. नारिंगी भूत जवळ येऊन वळलं की तो आता खुर्चीत उड्या मारत ओरडतो, "गेला बघ मामा, पेडगावला!" आणि त्या खालच्या डाव्या कोपऱ्यात स्वतः जाताना जपून जातो, कारण वेड पांघरणाऱ्याचं घर तिथेच आहे हे त्याला आता पक्कं माहीत आहे.